ऑरोराने अकराव्या वर्षी गाणे लिहिले, मग सोळा वर्षांच्या मुलीने का थांबावे?

नाशिकच्या एका आईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी. गिटार वाजवते आणि गेल्या तीन वर्षांत तिने इंग्रजीत वीसेक गाणी लिहून त्यांना स्वतःच चाली लावल्या आहेत. नॉर्वेची गायिका ऑरोरा हे तिचे दैवत. मुलीचे म्हणणे असे की, ऑरोराने ‘रनअवे’ हे गाणे अकरा-बारा वर्षांची असताना लिहिले, ती कोणाकडे गाणे शिकली नाही, आणि शाळेतल्या एका कार्यक्रमाच्या व्हिडिओवरून तिला काम मिळाले. मग आपण बारावी होईपर्यंत का थांबायचे? घरात दोन लाख रुपये घालून अल्बम करण्याची चर्चा चालू आहे आणि ते करावे की नाही, असा आईंचा प्रश्न आहे.

मी गेली 24 वर्षे पुण्यात संगीत संयोजन आणि ध्वनिमुद्रण करतो. मालिकांची शीर्षकगीते, भावगीतांचे अल्बम आणि जाहिरातींच्या जिंगल्स यांवर माझे घर चालते. पण गेल्या दहा-बारा वर्षांत स्वतःची गाणी घेऊन येणारी मुले-मुली इतकी वाढली आहेत की आठवड्यातला एक दिवस मी त्यांच्यासाठीच राखून ठेवतो. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या तोंडी ऑरोराचे नाव असते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. तुमच्या मुलीने सांगितलेल्या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, हे मी आधीच मान्य करतो. माझा आक्षेप तिने त्यांवरून काढलेल्या निष्कर्षाला आहे.

गाणे लिहिण्याचे वय, ते ध्वनिमुद्रित करून लोकांसमोर ठेवण्याचे वय आणि ते लोकांपर्यंत पोहोचण्याचे वय, ही तीन वेगवेगळी वये असतात. मुलाखतींत आणि चाहत्यांच्या बोलण्यात पहिलेच वय येते, कारण ते ऐकणाऱ्याला चकित करते. ‘रनअवे’चा हिशोब मांडून पाहा. ऑरोरा आक्स्नेसचा जन्म 15 जून 1996 चा, म्हणजे गाणे लिहिले गेले ते साधारण 2007-08 च्या सुमारास. ते प्रसिद्ध झाले फेब्रुवारी 2015 मध्ये, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. जगभरच्या तरुण मुलांच्या फोनवर ते गाजले 2021 मध्ये, टिकटॉकवर त्याचा तुकडा पसरल्यानंतर. तेव्हा ती पंचविशीला आली होती. लिहिण्यापासून गाजण्यापर्यंत सुमारे तेरा वर्षे गेली, आणि त्यातली पहिली सात वर्षे ते गाणे जगासमोर आलेलेच नव्हते.

ही सात वर्षे कशी गेली हे समजून घेण्यासाठी तिचे बालपण थोडे तपशिलाने पाहावे लागेल. तिचा जन्म स्टाव्हांगरचा, पण ती वाढली बर्गनच्या दक्षिणेला ओस नावाच्या भागात, डोंगर, झाडी आणि फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाडीच्या, सान्निध्यात. तीन बहिणींत ती धाकटी. आई सुईण आणि वडील गॅरेजचे दरवाजे विकण्याच्या व्यवसायात. घरात व्यावसायिक संगीताचे वातावरण नव्हते. सहा वर्षांची असताना घरातल्या एका जुन्या इलेक्ट्रिक पियानोवर तिने आपले आपण बोटे फिरवायला सुरुवात केली आणि नऊ-दहा वर्षांची झाल्यावर गाणी लिहू लागली. लेनर्ड कोहेन आणि बॉब डिलन या गीतकार-गायकांचे तिच्या कानावर संस्कार. त्यांच्या जोडीला आयरिश गायिका एन्या, आणि चक्क हेवी मेटलही. कोहेन आणि डिलन या दोघांकडेही शब्द आधी आणि गळा नंतर असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ती ‘शिकली नाही’ या विधानाचा अर्थ जरा बदलतो. गुरूसमोर बसून ती शिकली नाही, हे खरे. पण रोज वाद्यापाशी बसून, कोणालाही न ऐकवता, वर्षानुवर्षे गाणी जुळवत राहणे याला आपल्याकडे रियाजच म्हणतात.

शाळेच्या व्हिडिओची गोष्टही अर्धीच सांगितली जाते. शाळा सोडतानाच्या कार्यक्रमात तिने स्वतःचे गाणे म्हटले, ते इंटरनेटवर गेले आणि एका व्यवस्थापन कंपनीतल्या माणसाच्या नजरेस पडले. त्यांनी बोलावल्यावर तिने आधी नकार दिला होता. गाणी स्वतःपुरती ठेवण्याचा तिचा विचार होता. ती कोणाच्या तरी उपयोगी पडतील, असे आईने समजावल्यावर ती तयार झाली. हे 2013 च्या सुरुवातीचे. त्यानंतर पहिला अल्बम येईपर्यंत तीन वर्षे गेली. या तीन वर्षांत माग्नुस स्कूलस्ताद आणि ऊद मार्तिन स्कोलनेस या संगीतकार-निर्मात्यांबरोबर तिने काम केले, एकेक गाणे सुटे प्रसिद्ध केले, 2015 मध्ये ‘रनिंग विथ द वुल्व्ज’ हा छोटा संच आला आणि मार्च 2016 मध्ये ‘ऑल माय डीमन्स ग्रीटिंग मी ॲज अ फ्रेंड’ हा पहिला पूर्ण अल्बम. तेव्हा तिला विसावे वर्ष लागलेले होते.

संयोजक म्हणून ‘रनअवे’ ऐकताना माझे लक्ष कशाकडे जाते ते सांगतो, म्हणजे या विलंबाने काय साधले ते कळेल. सुरुवातीला आवाज खालच्या पट्टीत आणि जवळजवळ एकटा आहे. मागे कीबोर्डचे मोजकेच स्वर आहेत. ताल लगेच येत नाही. ध्रुवपदात म्हणायचे असते ते एवढेच की मला घरी घेऊन चला. शब्द मूठभर, पण ते म्हणताना तिचाच आवाज एकावर एक चढवून त्याचा समूह केला आहे. घर सोडून निघालेल्या मुलाला भीती वाटावी आणि पाठीशी कोणीतरी आहे असेही वाटावे, हे दोन्ही त्या थरांतून येते. शब्द आणि चाल बारा वर्षांची मुलगी लिहू शकते. ताल इतका उशिरा आणायचा, कीबोर्ड इतका मोकळा ठेवायचा आणि स्वतःच्याच आवाजाचा समूह उभा करायचा, हा निर्णय अनुभवी माणसे सोबत असलेल्या अठरा वर्षांच्या गायिकेचा आहे. बाराव्या वर्षीच ध्वनिमुद्रण झाले असते, तर बहुधा कोणीतरी हौसेने पहिल्या ओळीपासून ड्रम्स वाजवले असते.

‘कोणीतरी’ असे मी लिहिले खरे, पण तो मीच असतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. तिची नऊ गाणी होती, बारा दिवसांत सगळी मुद्रित करायची होती, आणि वडिलांनी पैसे आगाऊ दिले होते. पैसे हातात असले की संयोजकाला वाद्ये सुचतात, हा आमच्या धंद्यातला दोष आहे. आठवीत असताना लिहिलेले, पावसात शाळेची बस चुकल्याचे तिचे एक साधे गाणे होते. मी त्यात व्हायोलिनचा संच घातला, अंतऱ्याच्या आधी बासरीचा तुकडा घातला, आणि सगळे कसे भरगच्च झाले याचे मला समाधानही वाटले. अल्बम निघाला आणि कोणी फारसा ऐकला नाही. पण त्या गाण्याची, चाल विसरू नये म्हणून स्वयंपाकघरात फोनवर केलेली जुनी नोंद तिने नंतर मैत्रिणींना पाठवली, जिच्यात मध्येच कुकरची शिट्टी ऐकू येते, आणि ती मात्र कॉलेजभर फिरली. एकविसाव्या वर्षी ती परत आली, ती अल्बम इंटरनेटवरून काढून टाकायचा म्हणून. ज्या मध्यस्थ सेवेमार्फत गाणी चढवली होती तिचे खाते वडिलांच्या जुन्या ईमेलवर होते, पासवर्ड कोणालाच आठवत नव्हता, आणि काढण्याची प्रक्रिया पुरी व्हायला पाच महिने लागले. त्यानंतर आम्ही ते एकच गाणे पुन्हा केले. पट्टी काळी पाचवरून काळी चारवर उतरवली, कारण चार वर्षांत तिचा आवाज भरला होता. एक गिटार, एक आवाज, आणि दुसऱ्या अंतऱ्यानंतर तिचाच दुसरा आवाज. शिट्टी ठेवायची का, यावर आमचा अर्धा दिवस वाद झाला. ठेवली नाही. आजही मला वाटते की ठेवायला हवी होती.

आता उलट बाजूचे, तेही नॉर्वेचेच, एक उदाहरण मुलीला जरूर सांगा, कारण लवकर यश मिळते तेव्हा काय होते ते त्यातून दिसते. ट्रोम्सोच्या लेने मार्लिनचे पहिले गाणे ‘अनफरगिव्हेबल सिनर’ ऑक्टोबर 1998 मध्ये आले, तेव्हा ती अठरा वर्षांची आणि शाळेतच होती. ते देशात पहिल्या क्रमांकावर गेले, 1999 मध्ये ‘प्लेइंग माय गेम’ हा अल्बम आला, त्याच वर्षी एमटीव्ही युरोपचा सर्वोत्तम नॉर्डिक कलावंताचा पुरस्कार मिळाला आणि 2000 मध्ये ‘सिटिंग डाउन हिअर’ ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर पोहोचले. मी वर सांगितलेली तिन्ही वये तिच्या बाबतीत जवळजवळ एका जागी आली. त्यानंतर ती प्रसिद्धीपासून दूर झाली. दुसरा अल्बम 2003 मध्ये आला, आणि त्या काळात आपण खोल नैराश्यात होतो, हे तिने स्वतः पुढे सांगितले. लवकर यश मिळालेल्या सर्वांचे असेच होते, असे मी म्हणणार नाही. परंतु गाणी चांगली होती, आवाज चांगला होता, कंपनी मोठी होती, तरीही ते ओझे एकट्या मुलीच्या खांद्यांना पेलले नाही, हे पालकांनी विसरू नये.

ऑरोरालाही ओझे चुकले नाही, पण ते आले तेव्हा तिच्या हातात काही गोष्टी होत्या. 2018 मध्ये निघालेल्या तिच्यावरील माहितीपटात पहिल्या अल्बमनंतरच्या दौऱ्यांचा शीण आणि पुढच्या कामाबद्दल व्यवस्थापनाशी झालेली ओढाताण दिसते. तिने दुसरा अल्बम दोन टप्प्यांत दिला. आठ गाणी सप्टेंबर 2018 मध्ये आणि अकरा गाणी जून 2019 मध्ये. जानेवारी 2022 च्या ‘द गॉड्स वी कॅन टच’साठी ती नॉर्वेतल्याच रूसेंदाल या गावी सतराव्या शतकातल्या वाड्यात जाऊन राहिली आणि तिथेच ध्वनिमुद्रण केले. 2024 मध्ये ‘व्हॉट हॅपन्ड टू द हार्ट?’ आला. अल्बम कसा तोडायचा, कुठे बसून करायचा, हे ठरवण्याइतकी ताकद सोळाव्या वर्षी कोणाकडे नसते. ती आधीच्या कामाच्या जोरावर येते.

पोहोचण्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी आम्ही संगीतवाले फारशी बोलत नाही, कारण ती आमच्या अहंकाराला सोसत नाही. ब्रिटनमध्ये ऑरोराला घराघरांत नेणारे गाणे तिचे नव्हतेच. ओएसिस या बँडचे ‘हाफ द वर्ल्ड अवे’ तिने 2015 च्या नाताळात जॉन लुईस या दुकानसाखळीच्या जाहिरातीसाठी गायले आणि ते तिथल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेले. सर्वांत जास्त कानांवर पडलेला तिचा आवाज बहुधा ‘फ्रोझन 2’ या 2019 च्या चित्रपटातला असेल, आणि तिथे तर शब्दच नाहीत. नायिकेला दुरून बोलावणारी ती चार स्वरांची हाक आहे, स्कँडिनेव्हियात डोंगरात गुरांना परत बोलावण्यासाठी बायका उंच आवाजात घालत त्या हाकेच्या धर्तीची. फेब्रुवारी 2020 मध्ये ऑस्कर सोहळ्यातही ती ही हाक असलेल्या गाण्यासाठी मंचावर होती. केमिकल ब्रदर्स या ब्रिटनमधल्या इलेक्ट्रॉनिक संगीत करणाऱ्या जोडीच्या 2019 च्या अल्बममध्ये तिचा सहभाग आहे, तोही पाहुणी म्हणून. तात्पर्य, दुसऱ्याचे गाणे नीट गाता येणे, दुसऱ्याच्या कामात आपला आवाज मिसळता येणे, ही स्वतःची गाणी लिहिणाऱ्यांसाठीही कामाची गोष्ट आहे. ‘मी फक्त माझीच गाणी गाणार’ असे म्हणणाऱ्या मुलांना मी आधी तीन जुनी भावगीते बसवायला लावतो. रुसतात, पण बसवतात.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही स्पष्ट करायला हव्यात. नॉर्वेत 1997 पासून प्रत्येक नगरपालिकेला मुलांसाठी संगीत व कलांची शाळा चालवणे कायद्याने बंधनकारक आहे, कलावंतांना सरकारी अनुदाने मिळतात, आणि बर्गनसारख्या लहान शहरातून रॉयक्सॉप, किंग्ज ऑफ कन्व्हीनियन्स, सोन्द्रे लेर्के असे कलावंत ऑरोराच्या आधीच बाहेर गेलेले असल्यामुळे तिथे व्यवस्थापक, स्टुडिओ आणि वादक यांची वाट मळलेली होती. ऑरोराने स्वतः कोणती मदत घेतली हा इथे मुद्दा नाही. ती ज्या गावाजवळ वाढली तिथे हे सगळे तयार होते. पंचावन्न-छप्पन्न लाख लोकसंख्येच्या देशात इंग्रजीत लिहिणे हा व्यवहाराचाही भाग असतो. नाशिकच्या मुलीने इंग्रजीत लिहावे का, याचे सरसकट उत्तर माझ्याकडे नाही. ती विचार कोणत्या भाषेत करते, भांडते कोणत्या भाषेत, यावर ते ठरते. एवढेच सांगतो की इंग्रजी चालींच्या सवयीने मराठी गाणे केले की आघात भलत्याच अक्षरावर पडतो आणि ह्रस्व-दीर्घाची वाट लागते. तिने मराठीत दोन गाणी करून पाहिली तर स्वतःच्या चालींतल्या सवयी तिला आपोआप दिसतील.

शिवाय मुलीचा स्वभाव. ऑरोरा मंचावर गाताना तिची बोटे सतत हवेत काहीतरी विणत असल्यासारखी हलतात. मार्च 2025 मध्ये महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापालूझा महोत्सवात तुमच्या मुलीने हे समोरून पाहिले, असे तुम्ही लिहिले आहे. मीही त्या गर्दीत होतो. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्या मुली त्यानंतर तशी बोटे हलवू लागल्या. अनुकरण वाईट नाही, त्यातूनच सगळे शिकतात. पण ज्या मुलीला वीस गाण्यांतली कोणती सहा कोणासारखी झाली आहेत हे सांगता येते, तिला मी मुद्रणाला घेतो. जिला सांगता येत नाही तिला सहा महिन्यांनी या म्हणतो.

तेव्हा माझे उत्तर असे. लिहिणे थांबवू नका. त्याला वयाची अट नाही आणि बारावीचीही नाही. वीस गाण्यांचा अल्बम आत्ता करू नका. त्या दोन लाखांपैकी एखाद्या चांगल्या मायक्रोफोनला, तो संगणकाला जोडणाऱ्या ऑडिओ इंटरफेसला आणि हेडफोनला लागतील तेवढे पैसे खर्च करा, म्हणजे ती घरीच मुद्रण करून स्वतःचा आवाज ऐकायला शिकेल. बाकीचे बाजूला ठेवा. वर्षभरात एक गाणे, फार तर दोन, चांगल्या संयोजकाकडून करून घ्या आणि ती अनुभवी माणसांबरोबर बसून करा. संयोजकाला आधीच सांगा की वाद्ये कमी हवीत. एखादे जुने गाणे निवडताना ते लिहून किमान एक वर्ष झालेले असावे आणि तरीही ते गाताना तिला लाज वाटू नये, एवढीच कसोटी मी लावतो. शाळा-कॉलेजच्या कार्यक्रमांत गायला हरकत नाही. तिथले दहा श्रोते इंटरनेटवरच्या हजारांपेक्षा जास्त शिकवतात, कारण त्यांचे चेहरे दिसतात.

कायद्याचेही सांगतो, कारण ते विचारायचे राहून जाते. आपल्याकडे 18 वर्षांखालील व्यक्तीने केलेला करार बंधनकारक ठरत नाही, त्यामुळे कोणतीही कंपनी किंवा मध्यस्थ सेवा पालकांची सही मागेल. ती सही करण्यापूर्वी गाण्याचे हक्क कोणाकडे, किती काळासाठी आणि कोणत्या माध्यमांसाठी जात आहेत, ही तीन कलमे वाचा आणि खाते मुलीच्याही ईमेलशी जोडा. गाणे रचले की त्याचा स्वामित्वहक्क रचणाऱ्याचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. पण वाद झाला तर ते कधी रचले याचा पुरावा लागतो. म्हणून तिच्या वहीत प्रत्येक गाण्याखाली तारीख घालायला सांगा, आणि फोनवरच्या कच्च्या नोंदी, त्यांत कुकरची शिट्टी आली असली तरी, पुसू देऊ नका.